चढावरची गाडी आणि बटणाचा हँडब्रेक

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल आज स्टिअरिंगवर पेटते. कोणाचा मुलगा रिक्षावर आहे, कोणाचा टेम्पोवर, कोणी टुरिस्ट गाडी घेऊन शिर्डी-त्र्यंबक करतो, तर कोणी बंगल्यावर साहेबांची गाडी चालवतो. गाडी दुसऱ्याची, पण तिची जबाबदारी आपल्या मुलाच्या हातापायांवर. बाजारात नवी गाडी आली की तिची किंमत मालक मोजतो. तिच्यात झालेला बदल मात्र पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला निस्तरावा लागतो, आणि तो बदल त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो. बटणाचा हँडब्रेक हा असाच एक बदल. त्यावर एवढे लिहायला बसलो, त्याला कारण घरचेच आहे.

२०२४ च्या पावसाळ्यातील गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नाशिकला एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हरच्या जागेसाठी ट्रायल द्यायला गेला. वय चोवीस. त्याआधी तीन वर्षे भाजीचा पिकअप चालवलेला. रात्री माल भरायचा, कसारा घाट उतरून पहाटे कल्याणच्या मार्केटला टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत घाट चढायचा, हे त्याचे रोजचे काम. व्यापाऱ्याकडे पगार महिना १८,००० रुपये, रात्रपाळी नाही, रविवारी सुट्टी. बहिणीने त्याला इस्त्रीचा शर्ट घालून पाठवले.

दुपारी पोरगा उतरलेल्या तोंडाने परत आला. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमधून गाडी वर काढायला सांगितले होते. चढाच्या मध्यावर वॉचमनने शिट्टी मारून थांबवले, कारण वरून दुसरी गाडी येत होती. ती वळून गेल्यावर पुन्हा उचलताना गाडी मागे आली आणि मागचा बंपर खांबाला घासला. मालकाने तिथेच उतरवले. "तुला गाडी येत नाही," एवढेच म्हणाला.

मला तो म्हणाला, "मामा, मी ब्रेक सोडला तरी गाडी जागेवर उभी होती. मी आरशात बघितलं, हॉर्न दिला. आणि मग ती आपोआप मागं आली."

खरे सांगायचे तर माझा विश्वास बसला नाही. मी कारकून माणूस. 'साहेब, कागद आपोआप गहाळ झाला' हे वाक्य रोज ऐकतो. मी त्याला म्हणालो, "अरे, गाडी आपोआप कशी येईल? चुकलं असेल तर चुकलं म्हण." तो काही बोलला नाही. आई मात्र बोलली. "तू त्याच्या बाजूनं नाही तर कोण असणार?" असे बहिणीने विचारले, तेव्हा मला लाज वाटली आणि मी या प्रकरणाचा छडा लावायचे ठरवले.

प्रथम जुना हँडब्रेक समजून घेऊ. ज्या भगिनींनी गाडी कधी चालवली नाही त्यांनीही हे वाचावे, फार अवघड नाही.

दोन सीटच्या मध्ये एक दांडा असतो. तो वर ओढला की त्याला जोडलेली तार ताणली जाते आणि मागच्या दोन चाकांचे ब्रेक आवळले जातात. चढावर थांबलेली गाडी उचलताना अडचण अशी, की पाय दोन आणि पेडल तीन. डावा पाय क्लचवर. उजवा पाय ब्रेकवर ठेवला तर रेस कोण देणार? आणि ब्रेकवरून काढून रेसवर नेला, तर मधल्या वेळात गाडी धरून कोण ठेवणार? हे तिसऱ्या पायाचे काम हँडब्रेकचा दांडा करतो. पहिला गिअर टाकायचा, थोडी रेस द्यायची, क्लच हळूहळू वर आणायचा. क्लचने पकड घेतली की इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते, पेडलमध्ये बारीक थरथर येते. यालाच आपली मुले हाफ क्लच म्हणतात. मग दांड्याचे टोक दाबून तो हळूहळू खाली सोडायचा. गाडी एक इंचही मागे न जाता पुढे निघते.

हे कसब म्हणजे केवळ हौस नव्हे, कायद्यानेही ते मागितले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १५ व्या नियमात लायसन्सच्या परीक्षेत काय काय पाहायचे ते दिले आहे. त्यात एक बाब अशी, की उमेदवाराने तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा रेस आणि पायाच्या ब्रेकचा योग्य वापर करून, मागे न येता ती पुन्हा सुरू करून दाखवली पाहिजे. प्रत्यक्षात अनेकांची परीक्षा सपाट मैदानावर उरकली जाते, ही गोष्ट वेगळी. अरुंद घाटात उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची हा नियमही याच कारणाने आहे. चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा निघणे कठीण असते.

किती कठीण, याचा हिशोब मी मांडून पाहिला. बी.कॉम.ची सवय, आकडा मांडल्याशिवाय मला पटत नाही. समजा चढ दहाला एक आहे, म्हणजे दहा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. माणसांसह गाडीचे वजन १५०० किलो. तर तिला मागे ओढणारा जोर वजनाचा साधारण दहावा भाग, म्हणजे १५० किलो. सिमेंटच्या तीन गोण्या मागच्या बंपरला दोरीने लटकवल्या आहेत असे समजा. ब्रेक पूर्ण सुटला तर अशा चढावर गाडी पहिल्या सेकंदात जेमतेम अर्धा मीटर मागे येते, पण दोन सेकंदांत जवळजवळ दोन मीटर. टायरच्या घर्षणाने थोडे कमी होईल, एवढेच. वेळ दुप्पट आणि अंतर चौपट. म्हणून मागे सरकायला लागलेली गाडी पहिल्या क्षणात आवरली तर आवरते. रेल्वेचा कसारा-इगतपुरी घाट ३७ ला १ इतकाच चढाचा आहे, तरी तिथे गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिन लावत आले आहेत. तळघराचा चढ त्यापेक्षा कितीतरी उभा. शहरातील सर्वांत वाईट घाट आपल्या इमारतींच्या खाली आहेत म्हणा ना!

दांडा गेला, बटण आले

आता नव्या गाडीत हा दांडा नाही. त्या जागी बोटाएवढे बटण असते, त्यावर गोलात इंग्रजी 'पी' अक्षर. वर ओढले की ब्रेक लागतो, खाली दाबले की सुटतो. लागला की समोरच्या काट्यांपाशी लाल दिवा पेटतो. आत काय होते? बहुतेक गाड्यांत मागच्या प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर एक छोटी मोटर बसवलेली असते. ती एक स्क्रू फिरवते आणि स्क्रू ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबून धरतो. काही गाड्यांत मोटर जुन्यासारखी तारच ओढते. बटण ओढल्यावर मागून 'घुर्र' असा आवाज येतो तो या मोटरचा. स्क्रू आपणहून उलटा फिरत नाही, म्हणून गाडी बंद केली, वीज गेली, तरी ब्रेक लागलेलाच राहतो.

हा प्रकार अगदी कालचा नाही. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सीरीज या महागड्या गाडीत तो आला. ती गाडी ऑटोमॅटिक. पण युरोपातील सामान्य कुटुंबे हाताने गिअर टाकायच्या गाड्या वापरत, आणि रेनो सीनिक, पाठोपाठ २००५ सालची फोक्सवॅगन पसाट अशा मॅन्युअल गाड्यांतही बटण आले. तिकडच्या जुन्या ड्रायव्हरांना चढावर हाच प्रश्न पडला जो माझ्या भाच्याला पडला. आपल्याकडे २०१७ मध्ये जीप कंपास आली, ती पुण्याजवळच्या रांजणगावात बनते. तिच्यात हाताचा गिअर आणि बटणाचा हँडब्रेक एकत्र होते. भाच्याने चालवलेली गाडी कोणत्या कंपनीची ते मी लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता.

दांड्यात आणि बटणात मुख्य फरक असा. दांडा थोडा थोडा सोडता येतो. हाताला कळते की आता गाडीचा भार किती उरला. बटणाला अर्धे-पाव काही नसते. एक तर लागलेला, नाही तर सुटलेला. मोटर फिरून ब्रेक सुटायला क्षणभर लागतो तो वेगळाच. शिवाय बटण हाताने दाबून ब्रेक सोडायचा तर बहुतेक गाड्यांत पाय ब्रेक पेडलवर असावा लागतो, नाहीतर गाडी ऐकत नाही. म्हणजे पुन्हा तोच पेच, पाय दोन आणि पेडल तीन. मग ही सोय कसली?

सोय अशी आहे, की चढावर बटणाला हातच लावायचा नाही.

हे मला त्या गाडीच्या पुस्तिकेतून कळले. मी व्यापाऱ्याकडे गेलो. भांडायला नव्हे. म्हटले, "साहेब, नोकरी द्या म्हणत नाही, गाडीची पुस्तिका फक्त तासभर वाचू द्या." माणूस वाईट नव्हता. त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातून ती काढून दिली. प्लॅस्टिकच्या पाकिटातून ती एकदाही बाहेर निघालेली नव्हती. चारशेच्या वर पाने, सगळी इंग्रजीत. गाडी विकत घेणाऱ्याला इंग्रजी येत असेल, पण चालवणाऱ्याचे काय? मी खुर्चीवर बसून हँडब्रेकची पाने वाचली आणि मराठीत उतरवून घेतली.

त्यात असे होते. ब्रेक लागलेला असताना इंजिन चालू आहे, गिअर पडला आहे, क्लच वर येतो आहे आणि रेस दिली जाते आहे, हे गाडीतील यंत्रणेला कळते. गाडी किती चढावर उभी आहे हेही एका सेन्सरवरून कळते. इंजिनाचा जोर चढाला पुरेसा झाला की ब्रेक ती स्वतः सोडते. पण त्याला अटी आहेत. ड्रायव्हरचा दरवाजा बंद पाहिजे आणि सीटबेल्ट लावलेला पाहिजे.

मी भाच्याला फोन केला. "बेल्ट लावला होतास?"

"तळघरात कशाला लावायचा, मामा? रस्त्यावर आल्यावर लावणार होतो."

इथे पहिली गाठ सुटली. त्याने मध्यावर थांबून बटण ओढले, ब्रेक लागला. मग गिअर टाकून, रेस देऊन क्लच सोडू लागला. गाडी जोर लावत होती, पण ब्रेक सुटेना, कारण बेल्ट नव्हता. इंजिन बंद पडायच्या बेतात आले. त्याने क्लच परत दाबला आणि हातातल्या जुन्या सवयीने बटण दाबले. गाडीने पुढे अक्षरे दाखवली असतील की ब्रेक दाबा, म्हणून पाय ब्रेकवर ठेवून बटण दाबले. लाल दिवा विझला. मग त्याने ब्रेकवरचा पाय काढला. आणि गाडी जागेवर उभी राहिली!

दुसरी गाठ पुढच्या पानावर सुटली. या गाड्यांत हिल होल्ड नावाची आणखी एक सोय असते. चढावर ब्रेक दाबून उभे असाल आणि पाय काढलात, तर चारही चाकांच्या ब्रेकमधील तेलाचा दाब ती सुमारे दोन सेकंद तसाच धरून ठेवते. पाय ब्रेकवरून रेसवर नेण्यापुरता हा वेळ. तो संपला की दाब सुटतो. ही सोय हँडब्रेकची नाही आणि गाडी उभी करून ठेवण्यासाठी तर मुळीच नाही.

भाच्याला वाटले, गाडी उभी आहे म्हणजे हँडब्रेक अजून लागलेला आहे. पिकअपमध्ये तसेच असते. दांडा वर आहे तोवर गाडी हलत नाही. म्हणून त्याने शिकवल्याप्रमाणे आरशात पाहिले, हॉर्न दिला. त्यात दोन सेकंद गेले. आणि गाडी 'आपोआप' मागे आली. पोरगा अक्षर न् अक्षर खरे बोलत होता. मी मात्र त्याला खोटे ठरवून बसलो होतो.

व्यापाऱ्याला मी हे समजावले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. "मी नेहमी बेल्ट लावूनच निघतो, मला कधी असं झालंच नाही," असे म्हणाला. म्हणजे ब्रेक गाडी स्वतः सोडते हे मालकालाही माहीत नव्हते. फक्त त्याची सवय गाडीच्या अटीशी जुळत होती. त्याने दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावले, शेजारी बसून त्याच चढावर दहा मिनिटे दिली. बेल्ट लावला, हात स्टिअरिंगवर, बटणाला स्पर्श नाही. चार वेळा थांबून चार वेळा गाडी उचलली. खांबाच्या घासणीचे पैसे त्याने मागितले नाहीत. जागा मात्र आदल्या संध्याकाळीच दुसऱ्याला दिली होती.

पाय शिकवावा लागतो

आमच्या कॉलनीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. तीस वर्षे घाटाच्या रस्त्यांवर गाडी चालवलेली. मी त्यांना हा सारा प्रकार सांगितला तेव्हा मला वाटले, ते नव्या गाड्यांना नावे ठेवतील. पण ते हसून म्हणाले, "भाऊ, यात नवीन काय? आमच्या हवेच्या ब्रेकच्या बसलाही हँडब्रेक म्हणजे बोटाएवढा खटकाच होता. आत स्प्रिंग ब्रेक धरून ठेवायची आणि हवा भरली की सुटायचा. सकाळी टाकीत हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलत नव्हती. तुमच्याकडे हवेच्या जागी वीज, एवढंच." मग त्यांनी जे सांगितले ते मला पुस्तिकेपेक्षा मोलाचे वाटले. दांड्याच्या गाडीत चढावरची अक्कल हातात असते. बटणाच्या गाडीत ती सगळी डाव्या पायात गेली. क्लच कुठे पकडतो हे ज्याच्या पायाला कळते त्याला बटण मदत करते. ज्याला कळत नाही त्याची गाडी एक तर बंद पडते, नाही तर झटका देऊन उडी मारते. कारण क्लच झटक्यात सोडून वर भरमसाट रेस दिली, तर ब्रेक सुटताच सगळा जोर एकदम चाकांवर येतो आणि पुढच्या गाडीचा बंपर जवळच असतो.

म्हणून त्यांनी भाच्याला एका परिचिताच्या तशाच गाडीवर, मालकाला विचारून, रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर नेले. आधी सपाटीवर. रेस न देता फक्त क्लच इतका हळू सोडायचा की गाडी मुंगीसारखी निघेल. वीस वेळा. मग थोड्या चढावर. गाडी थांबवून बटण ओढायचे, दिवा लागलेला पाहायचा, मगच पाय ब्रेकवरून काढायचा. बेल्ट, दरवाजा. पहिला गिअर. आरसा, हॉर्न, जे काय पाहायचे ते आताच, ब्रेक लागलेला असताना. मग थोडी रेस देऊन ती तशीच स्थिर ठेवायची आणि क्लच वर. इंजिनाचा आवाज जड झाला की पाय तिथेच थांबवायचा. घाई नाही. क्षणभरात मागून 'घुर्र' होते, दिवा विझतो आणि गाडी निघते. ती निघाल्यावर क्लच पूर्ण सोडायचा. मध्ये कुठेही काही बिनसले, इंजिन बंद पडले, मागे सरकल्याचा भास झाला, तर एकच काम: ब्रेक पेडल दाबायचे आणि बटण पुन्हा ओढायचे. लाज वाटून घ्यायची नाही. मागचे हॉर्न वाजवोत.

थोडा वेळच थांबायचे असेल, म्हणजे पुढची गाडी दोन पावले सरकून थांबते आहे, तर बटणाची गरज नाही. पायाचा ब्रेक दाबून धरायचा, क्लच हाफवर आणायचा, इंजिन जड झाल्याची खात्री झाली की पाय ब्रेकवरून रेसवर न्यायचा. हिल होल्ड असेल तर ते दोन सेकंद सांभाळते. पण त्याच्या भरवशावर आरसा पाहत बसू नये, हे आता आमच्या घरात कोणाला सांगावे लागणार नाही. काही गाड्यांत ऑटो होल्ड म्हणून आणखी एक बटण असते. ते चालू ठेवले तर पाय काढल्यावरही गाडी दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरली जाते आणि क्लच-रेसवर सुटते. ते आहे की नाही, चालू आहे की बंद, हे गाडीत बसताच विचारून घ्यावे.

एक वाईट सवय मात्र आपल्या बहुतेक मुलांना आहे. चढावर ब्रेक न लावता, नुसत्या हाफ क्लचवर रेस देत गाडी तोलून धरायची. बघणाऱ्याला कसब वाटते. पण तेवढा वेळ क्लच प्लेट घासत असते आणि तापते. घाटात जळका वास येतो तो त्याचाच. प्लेटचा खर्च हजारांत जातो आणि तो कोणाच्या पगारातून कापला जातो ते मी सांगायला नको.

बटणाच्या गाडीची आणखी एक गोष्ट घरच्यांनाही माहीत हवी. बॅटरी पूर्ण उतरली तर लागलेला हँडब्रेक सुटत नाही. दांडा खाली टाकून गाडी ढकलून नेण्याचा मार्ग इथे बंद. दुसऱ्या बॅटरीवरून केबल जोडून वीज द्यावी लागते. ज्या गाडीचा ब्रेक लागलेला आहे ती चौघांनी मिळून ढकलू नये, कंबर धरेल आणि गाडी तिथेच राहील. उलट गाडी चालती असताना पायाचा ब्रेकच निकामी झाला, तर हे बटण ओढून धरून ठेवल्यास बऱ्याच गाड्यांत यंत्रणा चाकांचे ब्रेक लावून गाडी थांबवते. सोडले की थांबवणे थांबते. हा संकटातला उपाय आहे, गंमत म्हणून करून पाहायचा नाही.

आणि घाटात गाडी उभी करून खाली उतरायचे असेल तर फक्त बटणावर विसंबू नये. चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकून ठेवावा, चाके कडेच्या बाजूला वळवावी आणि चाकामागे दगड लावावा. दगड काढायला विसरू नये, आणि निघाल्यावर तो रस्त्यात सोडून जाऊ नये. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचाही कोणी मामा असतो.

ज्यांची मुले ट्रायलला जाणार आहेत त्यांना एक विनंती. मुलाला सांगा, गाडीत बसल्या बसल्या चावी फिरवू नको. आधी विचार: "साहेब, हँडब्रेक दांड्याचा की बटणाचा? हिल होल्ड आहे का?" पाच मिनिटे मागून घे. विचारले म्हणजे गाडी येत नाही असे होत नाही. आपली मुले विचारायला बिचकतात. साहेब काय म्हणतील, ही भीती आपणच त्यांच्या मनात घातलेली असते. माझ्या भाच्याने नंतर सांगितले, की ते बटण पाहिल्याबरोबर त्याला विचारावेसे वाटले होते. "पण मामा, तुम्हीच म्हणायचात, ट्रायलला जास्त बोलू नकोस."

मी तसे म्हणालो होतो हे खरे आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात त्याला ठाण्याच्या एका टुरिस्टवाल्याकडे काम लागले. पगार थोडा कमी, गाडी तशीच, हाताच्या गिअरची आणि बटणाची. जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मोठ्या बोगद्यामुळे पुष्कळ गाड्यांचा कसारा घाट टळला. पण टोल वाचवणारे गिऱ्हाईक जुन्या घाटानेच घ्या म्हणते. जुलैच्या एका रविवारी रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. घाटात पुढे कंटेनर आडवा झाला होता, दीड तास रांग, वर पाऊस, मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या आणि एक तान्हे बाळ. गाडी दहा फूट सरकायची की पुन्हा थांबायची.

"किती वेळा उचलली?" मी विचारले.

"मोजली नाही. चाळीसेक असेल."

"मग?"

"मग काय? म्हाताऱ्या झोपल्या होत्या. आईला सांगा, जेवण झाकून ठेव म्हणावं, येतोय."